भूपाळीची वेळ
(रागांच्या काल-ऋतूंविषयीं कांहीं विचार)

कोणत्या ऋतूंत कोणता राग ऐकावा, मन उदास असतां कोणता व प्रसन्न असतां कोणता, या प्रश्नांचीं उत्तरें देणारे तक्ते आज पुष्कळ रसिकांच्या संग्रहीं असतात. सकाळीं भैरव, दुपारीं सारंग, दिवेलागणीस पूरिया अगर श्री, पहिल्या रात्रीं यमन व भूप, मध्यरात्रीं मालकंस, पावसांत मल्हार, वसंतांत हिंदोल व बहार, असा साधारण क्रम त्यांत दिलेला असतो. हा विषय गवयांचा. जुनीं बाडें व दफ्तरें चाळणारांनीं त्यांत कां पडावें, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, हा तक्ता हाच एक ऐतिहासिक कागद आहे. तो एका हातचा नाहीं, एका काळचा नाहीं, आणि त्यांतील कलमें परस्परांशीं जुळत नाहींत. ज्या कागदावर निरनिराळ्या शाईंचें लिखाण दिसतें तो उजेडाकडे धरून पाहावा, हा तर आपला परिपाठ आहे. या कागदांत एक कलम असें आहे कीं, त्याचा पुरावा जितका पोथ्यांत आहे तितकाच सोलापूर-पंढरपूरकडील घरोघरच्या पहाटेंत आहे. तें कलम भूपाळीचें.

सोलापूर हें गायनाचें पीठ होतें असा आमचा दावा नाहीं. तथापि नकाशा पुढें घेतला म्हणजे या शहराची जागा ध्यानांत येते. पूर्वेस कल्याण, म्हणजे हल्लींचें बसवकल्याण, व दक्षिणेस विजापूर, हीं दोन्ही राजधानीचीं स्थळें येथून सुमारें शंभर किलोमीटरांच्या अंतरावर आहेत. देवगिरि उत्तरेस अंमळ दूर आहे. पश्चिमेस पंढरपूर तर जिल्ह्यांतच आहे. गाणें केव्हां व कोणत्या भावानें गावें याविषयीं जे ग्रंथ आपल्या देशीं झाले त्यांपैकीं तीन महत्त्वाचे ग्रंथ या तीन राजसभांत लिहिले गेले आणि त्यांच्या मधोमध हा आमचा कमी पावसाचा, ज्वारीचा मुलूख पडला आहे. येथें मराठी, कानडी, तेलुगु व दखनी या चारहि भाषा कानीं पडतात. त्या चार भाषांचा आमच्या विषयाशीं संबंध पुढें येईल.

कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर (इ. स. ११२६–११३८) याचा 'मानसोल्लास' शके १०५१ च्या सुमाराचा आहे. पांच विंशति व शंभर अध्याय अशी त्याची रचना. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत तो श्रीगोंदेकर यांनीं संपादित केला. पहिला भाग १९२५ सालीं, दुसरा १९३९ सालीं व तिसरा बराच मागाहून १९६१ सालीं निघाला. या तिसऱ्या भागांत गीतविनोद आहे. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करतांना ओवी गातात, असा जो उल्लेख आपल्या वाङ्मयाचे इतिहासकार वारंवार देतात तो याच प्रकरणांतला. परंतु तो उल्लेख सुटा काढून दाखविल्यानें त्याचा खरा अर्थ निसटतो, अशी आमची समजूत आहे. सोमेश्वर तेथें केवळ ओवीचें नांव नोंदवीत नाहीं. कथेंत षट्पदी, विवाहांत धवल, उत्सवांत मंगल, होळीच्या खेळांत चच्चरी, योगिजनांच्या मुखीं चर्या आणि कांडणांत ओवी, अशी गीतप्रकारांची प्रसंगावर केलेली वांटणी तो देत आहे.

ही वांटणी नीट पाहण्यासारखी आहे. तींत प्रहरांचें कोष्टक नाहीं. ऋतु आहे, पण तो होळीच्या रूपानें आला आहे. वेळ आहे, पण ती कामाच्या पोटांत आहे; कारण दळण-कांडण हें आपल्याकडे पहाटेचें काम, हें ज्यांच्या घरीं जातें होतें त्यांस सांगावयास नको. राजा लिहीत आहे राजांच्या करमणुकीसाठीं, पण मुसळाच्या ठेक्यावर गाणाऱ्या बाईचें गाणें तो आपल्या यादींत बसवितो व तिची वेळ पंडितास विचारून ठरवीत नाहीं. आमच्या मतें काल-ऋतूंच्या सगळ्या नियमांचें मूळचें रूप हेंच असावें. गाणें प्रसंगाला बांधलेलें होतें आणि प्रसंग घड्याळाला बांधलेला होता. पुढें मधला प्रसंग गळाला व गाणें एकदम घड्याळाला जाऊन चिकटलें.

या तर्कास देवगिरीच्या ग्रंथानेंहि थोडा आधार मिळतो. शार्ङ्गदेव मूळ काश्मीरच्या घराण्यांतला; यादव सिंघणाच्या (इ. स. १२१०–१२४७) पदरीं असतां त्यानें 'संगीतरत्नाकर' रचला. पुण्याच्या आनंदाश्रमांत मंगेश रामकृष्ण तेलंग यांनीं १८९६–९७ सालीं तो कल्लिनाथाच्या टीकेसह छापविला, ती आवृत्ति अजून जुन्या संग्रहांत आढळते. त्याच्या दुसऱ्या अध्यायांत जुन्या ग्रामरागांस देवता, रस, ऋतु व प्रहर लावून दिलेले आहेत. हिंदोल मदनाचा, म्हणून वसंताचा. मालवकैशिक शिशिराचा. वर्षाकाळ टक्क रागाकडे दिलेला आहे; या टक्काचें नांव आजच्या श्रोत्यास पाऊस पाहून सुचणार नाहीं. परंतु याच ठिकाणीं आणखी एक गोष्ट असते व तिजकडे तक्ते करणारांचें लक्ष जात नाहीं. हे राग नाटकाच्या कोणत्या संधींत योजावे, तेंहि तेथें सांगितलेलें आहे. म्हणजे रस, ऋतु व प्रहर हे रंगभूमीवरील प्रवेशाचे रस, ऋतु व प्रहर होते. प्रेक्षागृहाबाहेर पाऊस पडत आहे कीं ऊन आहे, याशीं त्यांचा संबंध मूळचा नसावा.

यापुढें जे ग्रंथ झाले त्यांत नाटक मागें पडलें व कोष्टक राहिलें. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील दामोदराचा 'संगीतदर्पण' घ्या. त्यांत सोमेश्वराच्या नांवानें चालणाऱ्या मताचे सहा राग व त्यांचे ऋतु असे आहेत: श्री शिशिरांत, वसंत वसंतांत, भैरव ग्रीष्मांत, मेघ वर्षांत, पंचम शरदांत व नट्टनारायण हेमंतांत. गवयांत अधिक रूढ असलेल्या हनुमन्मताप्रमाणें पाहूं गेल्यास भैरव शरदाचा, मालकंस शिशिराचा, हिंदोल वसंताचा, दीपक ग्रीष्माचा, श्री हेमंताचा व मेघ वर्षेचा. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्या तर नांवाला व ऋतूला दोहोंसहि जुळणारा असा एकटा मेघ राहतो. एकाचा भैरव वैशाखांत तापतो, दुसऱ्याचा आश्विनांत गारठतो. यांत खरें कोण व खोटें कोण हा प्रश्नच आम्हांस चुकीचा वाटतो. दोन निरनिराळ्या परंपरांचीं हीं दोन टिपणें आहेत, एवढेंच त्यावरून निघतें. 'सोमेश्वरमत' या नांवावरून कोणी कल्याणीच्या राजाचें नांव पुढें करतील, म्हणून हेंहि सांगून ठेवतों कीं, मानसोल्लासांत रागांचीं अशीं पति-पत्नींचीं कुटुंबें नाहींत. मोठ्या नांवाखालीं मागाहूनचें मत खपविण्याची रीति शकावल्यांत व वंशावळींत आपण पाहतोंच.

नारदाच्या नांवावरील 'संगीतमकरंद' हा ग्रंथ, तोहि तेलंगांनींच १९२० सालीं बडोद्याच्या मालेंत छापविलेला, या बाबतींत सर्वांत कडक आहे. राग सूर्याचे व चंद्राचे अशा दोन जातींत वांटून तो अवेळीं गाणारास रागाचा हिंसक ठरवितो, आणि शिक्षा मात्र ऐकणारास सांगतो: दारिद्र्य व आयुष्याचा क्षय. गवई सुटतो व श्रोता बुडतो, असा हा न्याय आहे. हा धाक कितपत मानला जात होता याचें उत्तर शास्त्रकारांनींच दिलेल्या सुटींत आहे. रंगभूमीवर कालदोष नाहीं. राजाची आज्ञा झाल्यास कालाचा विचार करूं नये. रात्रीच्या दहा घटका उलटल्या कीं कोणताहि राग गावा, अशा सुटी निरनिराळ्या ग्रंथांत नमूद आहेत. ज्या नियमाला इतकीं दारें ठेवावीं लागतात तो नियम घरांत बसून पाळला जात नव्हता, असें समजण्यास हरकत नाहीं. राजाज्ञेचा अपवाद तर आतां सर्वांच्याच हातीं आला आहे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें ध्वनिमुद्रित झालें तेव्हांपासून तबकडीचा मालक हाच राजा झाला, व हल्लीं तर ज्याच्या खिशांत मोबाईल आहे तो प्रत्येकजण.

विजापूरचें प्रकरण आम्ही थोडक्यांत आटोपतों, कारण त्यावर इतरांनीं पुष्कळ लिहिलें आहे. सोलापूरचा किल्ला निजामशाही व आदिलशाही यांच्या भांडणाचें कायमचें कारण होता, आणि चांदबिबीच्या विवाहांत तो आंदण म्हणून विजापुराकडे आला, हें सर्वश्रुत आहे. त्याच चांदबिबीच्या देखरेखीखालीं वाढलेला दुसरा इब्राहीम आदिलशहा (इ. स. १५८०–१६२७) हा 'किताब-ए-नवरस' या दखनी गीतसंग्रहाचा कर्ता. त्यानें १५९९ सालीं विजापुराशेजारीं नवरसपूर वसविण्यास आरंभ केला. आपल्या आवडत्या तंबोऱ्यास त्यानें मोतीखान असें नांव दिलें होतें. नझीर अहमद यांनीं हा ग्रंथ १९५६ सालीं संपादून प्रसिद्ध केला. त्यांतील गीतें रागवार लावलेलीं आहेत: भूपाली, रामक्री, भैरव, आसावरी, तोडी, मलार, गौरी, कल्याण, केदार इत्यादि, व त्यांतच नवरोज व हिजाज हीं इराणी-अरबी वळणाचीं नांवें. भैरवाच्या गीतांत तो राग शंकराच्या रूपांत उभा केलेला आहे. रागास शरीर देऊन त्याचें ध्यान करण्याची ही रीति त्या काळच्या दक्षिणी रागमाला-चित्रांतहि दिसते. अशा एका जुन्या चित्रमालेचीं पानें, ज्यांवर माथ्यास संस्कृत मजकूर आहे, आज अनेक संग्रहांत विखुरलीं आहेत. हिंदोलाचें पान दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. बिकानेरचा राजा अनूपसिंह (इ. स. १६६९–१६९८) औरंगजेबाच्या चाकरींत दक्षिणेंत होता, येथेंच अदोनीस वारला, व त्यानें येथून नेलेल्या पोथ्यांनीं बिकानेरचा संस्कृत ग्रंथसंग्रह समृद्ध झाला. त्याच्याच पदरीं भावभट्टानें 'अनूपविलास', 'अनूपसंगीतरत्नाकर' हे ग्रंथ लिहिले. दक्षिणेच्या गायनाचे कागद शोधणारास राजपुतान्यांत जावें लागतें तें यामुळें.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. संगीतदर्पणांत ऋतूंच्या यादीखेरीज रोजच्या वेळांचीहि एक यादी आहे. प्रातःकाळापासून गावयाच्या रागांत भैरव, भैरवी, वेलावली, ललिता, देशकारी यांच्या पंक्तींत भूपाली बसलेली आहे. (त्याच पंक्तींत मल्लारी व मेघराग हेहि आहेत, हें जातां जातां ध्यानांत ठेवावें.) उलट आज कोणत्याहि गवयास विचारा, भूप अगर भूपाली हा राग रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, कल्याण थाटाचा, असें तो सांगेल. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं आपल्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'त तसेंच नोंदविलें आहे. म्हणजे ग्रंथांपुरतें बोलावयाचें तर दामोदर व भातखंडे यांच्यामधील सुमारें तीनशें वर्षांत भूपाली सकाळींतून उठून रात्रींत गेली.

परंतु ती सगळीच गेली नाहीं. महाराष्ट्रांत भूपाळी म्हणजे पहाटेचें गाणें. गणपतीची, विठ्ठलाची, कृष्णाची, देवास जागें करणारी ती भूपाळी. समर्थ रामदासांच्या भूपाळ्या आहेत. उत्तर पेशवाईंतील शाहीर होनाजीची कृष्णाची भूपाळी आजहि घरोघर म्हटली जाते व तिच्यामुळेंच शांतारामांनीं १९५१ सालीं काढलेल्या बोलपटास 'अमर भूपाळी' हें नांव मिळालें. वसंत देसाई यांनीं तींत योजलेली चाल भूप-देशकाराच्याच स्वरांत फिरते. संध्याकाळची भूपाळी हा शब्दप्रयोग मराठी माणसास थट्टेचा वाटेल. एकाच नांवाचा राग गवयाच्या घरीं रात्रीं व गृहस्थाच्या घरीं पहाटे, ही विसंगति आपण इतकी अंगवळणीं पाडून घेतली आहे कीं, तिच्याविषयीं प्रश्न पडत नाहीं.

येथें एक आक्षेप येईल तो असा कीं, भूपाळी हा शब्द रागावरून आला नसून भूपालावरून, म्हणजे राजास जागें करण्याच्या गाण्यावरून आला असावा. वैतालिकांचीं प्रभातगीतें संस्कृत काव्यांत आहेत व देवाचे उपचार राजोपचारांच्या धर्तीवर आहेत, तेव्हां हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाहीं. परंतु तो मान्य केला तरी दर्पणांतील भूपालीची वेळ पहाटेचीच राहते. व्युत्पत्ति कशीहि लागो, राग व गीतप्रकार हे दोघे एके काळीं एकाच वेळीं गाइले जात होते, हें त्यानें नाहींसें होत नाहीं.

मग बदललें काय? दोन शक्यता आहेत. एक अशी कीं, राग तोच राहिला व वेळ बदलली. दुसरी अशी कीं, वेळ तीच राहिली, पण भूपाली हें नांव निराळ्या स्वरांच्या रागास लागलें. निर्णय करण्यास दक्षिणेकडे पाहावें लागतें. कर्नाटक पद्धतींत भूपाळम् हा राग आहे व तो आजहि पहाटेचाच आहे. तोहि मध्यम-निषाद वर्ज्य असलेला पांच स्वरांचाच. पण त्याचे ऋषभ, गांधार व धैवत कोमल आहेत. आपल्या भूपाच्या शुद्ध स्वरांचा राग त्या पद्धतींत मोहनम् या नांवानें ओळखला जातो. म्हणजे दक्षिणेनें भूपालीचें नांव व पहाट एकत्र ठेवली; उत्तरेनें नांव ठेवून पहाट सोडली; महाराष्ट्रानें राग सैल सोडला, पण नांव व पहाट दोन्ही घट्ट धरलीं. शुद्ध स्वरांच्या पंचकाची सकाळची जागा उत्तरेकडे देशकारानें भरून काढली आहे. भूपाचेच पांच स्वर, परंतु धैवतावर जोर, आणि वेळ सकाळची. दर्पणांत देशकारी व भूपाली शेजारीं शेजारीं पहाटेच्या होत्या. दोघी बहिणींपैकीं एक माहेरीं राहिली व एक संध्याकाळच्या घरीं दिली गेली, असें म्हणावें.

आमचा कल दुसऱ्या शक्यतेकडे, म्हणजे नांव सरकल्याच्या बाजूस आहे. सोलापुरासारख्या ठिकाणीं राहणारास तो कल होणें स्वाभाविक आहे. येथील दक्षिण तालुक्यांत कानडी बोलली जाते, आणि कानडी हरिदासांच्या पदांत पहाटेच्या पदांस 'उदयराग' असें स्वतंत्र नांव आहे. हे हरिदास पंढरीच्या विठ्ठलाचे भक्त, हें निराळें सांगावयास नको. शहराच्या पूर्व भागांतील तेलुगु विणकरांच्या घरीं देवास जागें करण्याचीं 'मेलुकोलुपु' गीतें आहेत. मराठी घरांत भूपाळी आहे. तीन भाषांत एकच प्रसंग, एकच वेळ. या कडेनें पाहिलें म्हणजे मराठी भूपाळी ही उत्तरेकडील भूप रागाची चुकार मुलगी नसून दक्षिणेकडील प्रभातगीतांच्या घराण्यांतली दिसूं लागते.

वेळ टिकली ती कां टिकली, याचें उत्तर पंढरपुरांत मिळतें. देवळांतील दिवस प्रहरांनीं मोजला जात नाहीं. काकडआरती, महापूजा, महानैवेद्य, पोषाख, धुपारती, शेजारती यांनीं मोजला जातो. गाणें त्या त्या उपचारास बांधलेलें आहे. गांवोगांवचा काकडा तर वेळ व ऋतु या दोन्हींस धरून आहे. आश्विनी पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे तो चालतो, व त्यांत भूपाळ्या, वासुदेव, आंधळा, पांगूळ, गौळणी असा क्रम असतो. काकड्यांतील मंडळींस संगीतमकरंद ठाऊक नाहीं व दारिद्र्याची भीति घालण्याचें कारणहि नाहीं. देव उठतो तेव्हां भूपाळी म्हणावयाची. सोमेश्वराच्या यादींतील कांडणाच्या ओवीसारखाच हा प्रकार आहे. प्रसंग जिवंत राहिला तेथें वेळ राहिली. गवयाच्या भूपास असा प्रसंग नव्हता. त्याला दरबाराची रात्र होती.

भातखंड्यांच्या कालविचाराविषयीं येथें दोन शब्द अवश्य आहेत. कोमल ऋषभाचे व शुद्ध गांधार-निषादाचे राग दोन्ही संधिप्रकाशांचे. त्यामागून शुद्ध ऋषभ-धैवताचे. त्यामागून कोमल गांधार-निषादाचे. वादी स्वर पूर्वांगांत असेल तर दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत, उत्तरांगांत असेल तर मध्यरात्रीपासून दुपारपर्यंत. आणि मध्यम हा वाटाड्या. ही मांडणी सुंदर आहे व ऐकणारास फार उपयोगी आहे. ती त्यांनीं आपल्या काळच्या गवयांचें गाणें ऐकून व बिकानेर, तंजावर अशा ठिकाणच्या पोथ्या पाहून बसविली. परंतु ती विसाव्या शतकाच्या आरंभींच्या व्यवहाराची नोंद आहे. तिला सनातन शास्त्र समजून मागील ग्रंथांस चूक ठरविणें, हें शिवकालीन पत्रास इंग्रजी अमदानींतील कायद्यानें तपासण्यासारखें होईल.

ऋतूंच्या बाबतींत तर आमच्या जिल्ह्यांत कोष्टक पाळणें कठीणच. शास्त्राचा वर्षाऋतु श्रावण-भाद्रपदाचा. सोलापुरास मृग व आर्द्रा पुष्कळदां कोरडीं जातात. वर्षाचा सर्वांत मोठा पाऊस सप्टेंबरांत पडतो, व रबीच्या ज्वारीची सारी भिस्त उत्तरा-हस्तावर असते. हस्त लागतो तेव्हां पंचांग शरदाकडे झुकलेलें असतें. त्या वेळीं हनुमन्मताप्रमाणें भैरव ऐकावा, सोमेश्वरमताप्रमाणें पंचम ऐकावा. पण मंगळवेढ्याच्या काळ्या रानावर ढग उतरलेला पाहणारा मनुष्य मल्हारच ऐकेल, आणि तो चुकत नाहीं. मल्हाराच्या बाबतींत गवयांनीं स्वतःच शहाणपणा केला आहे. पावसांत तो कोणत्याहि प्रहरीं चालतो, तसेच वसंतांत वसंत-बहार. आम्हांस विचाराल तर पहिल्या सरीस गौडमल्हार, झड लागल्यावर मियांमल्हार, व पाऊस उघडून माती निवत असतां मेघ ऐकावा. कुमार गंधर्वांनीं (१९२४–१९९२) 'गीतवर्षा', 'गीतहेमंत', 'गीतवसंत' असे ऋतुवार कार्यक्रम बांधले त्यांत माळव्याच्या लोकगीतांस शास्त्रोक्त रागांच्या शेजारीं बसविलें, तें या दृष्टीनें फार अर्थपूर्ण आहे. ऋतूचें गाणें शेताकडून आलें हें त्यांनीं ओळखलें होतें. मनाच्या अवस्थांविषयीं आम्ही अधिक बोलत नाहीं. उदास मनास मारवा कित्येकांस अधिक उदास करतो, व कित्येकांस त्यानेंच बरें वाटतें.

राग वेळ कसा सोडतात याचें उदाहरण शोधण्यास सतराव्या शतकांत जाण्याचेंहि कारण नाहीं. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून भरतो व पूर्वीं रात्रभर चालून सकाळीं संपत असे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आल्यावर उघड्या जागीं रात्रीं दहानंतर ध्वनिवर्धकास, कांहीं ठराविक दिवसांची सूट सोडल्यास, बंदी आली. अशा मैफलींतून मध्यरात्रींचे मालकंस-दरबारी नऊ वाजतां गाइले जाऊं लागले व ललित-भटियार यांस खास पहाटेच्या बैठकी भरवाव्या लागल्या. आणखी दोनशें वर्षांनीं एखादा संशोधक आजच्या कार्यक्रमपत्रिका पाहून मालकंस हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग ठरवील, व त्यास दोष देतां येणार नाहीं.

हें सर्व मांडण्याचें निमित्त एक जुनी चूक आहे, ती सांगून पुरें करतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं याच जिल्ह्यांतल्या एका गांवीं आम्हांस पदांचें एक बाड पाहावयास मिळालें. बोरूनें लिहिलेलें, बाळबोध, कडा उंदरांनीं खाल्लेल्या. पदें बहुतेक कीर्तनाचीं व आरंभीं भूपाळ्या. मालकांनीं दोन दिवस वापरावयास दिलें. आम्हीं पदें उतरून घेतलीं. प्रत्येक पदावर हिंगुळानें एक ओळ होती. राग, ताल, क्वचित् 'चाल अमक्याची' असा निर्देश. आमचें लक्ष तेव्हां कवीचें नांव व शक यांवर होतें. वेळ थोडा, म्हणून त्या तांबड्या ओळी आम्हीं गाळल्या. पुढें कांहीं वर्षांनीं पुन्हा गेलों तों वाडा पडलेला होता व बाड रद्दींत गेलें होतें. आमच्याजवळची नक्कल पदांस पूर्ण आहे; त्या भूपाळ्यांवर कोणत्या रागाचें नांव होतें, तेवढेंच तींत नाहीं.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं कीर्तनकारांचीं, हरिदासांचीं अगर देवळांचीं बाडें असतील त्यांनीं पदांवरील राग-तालाच्या ओळी पदांइतक्याच काळजीनें उतरून घ्याव्या. बांधणी करतांना समास कातरूं देऊं नये, कारण या ओळी बहुधा अगदीं वरच्या कडेस असतात. व रागमालेचें पान चौकटींत घालतांना माथ्याचा मजकूर झांकूं नये. भूपाळीवर भूपाली, भैरव, रामकली, बिभास यांपैकीं कांहीं लिहिलेलें आढळल्यास बाडाचा काळ, लेखकाचें गांव व लिपि यांसह तें प्रसिद्ध करावें. सोलापूर, विजापूर, गुलबर्गा व बिदर या चार जिल्ह्यांतील पंधरावीस नोंदी जमल्या तरी नांव सरकलें कीं वेळ सरकली याचा निवाडा होऊं शकेल.